पी. के. सुब्बन: ३३ व्या वर्षी घेतलेली निवृत्ती आणि हॉल ऑफ फेमचा प्रश्न

रानजाई (धागालेखिका)

२० सप्टेंबर २०२२ ला एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधल्या तीन नावाजलेल्या बचावपटूंनी एकाच दिवशी निवृत्ती जाहीर केली. झ्डेनो चारा ४५ वर्षांचा होता, कीथ यँडल ३६ चा, आणि पी. के. सुब्बन अवघा ३३. त्यातला चारा २०२५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. ज्याच्या बदल्यात मॉन्ट्रियलने सुब्बनला देऊन टाकलं, तो शे वेबर २०२४ मध्येच गेला होता. सुब्बन २०२५ ला पहिल्यांदा पात्र ठरला, पण त्याचं नाव काही आलं नाही. तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं.

टोरोंटोत राहून हॉकीपासून लांब राहता येत नाही. ऑफिसात, मुलांच्या शाळेबाहेर, न्हाव्याकडे, सगळीकडे तोच विषय. आणि सुब्बनचं नाव निघालं की बोलणं लगेच त्याच्या कपड्यांवर, हॅटवर, टीव्हीवरच्या बडबडीवर जातं. खेळाडू म्हणून तो काय होता, ते तसंच राहतं. मला आधी त्यावर बोलायचंय.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बर्फावर एका वेळी एका संघाचे सहा जण असतात. एक गोली, दोन बचावपटू, तीन आक्रमक. बचावपटूने मागे थांबून वाट अडवायची, पक (रबराची चकती) मिळाला की पुढच्याला द्यायचा, ही जुनी रीत. सुब्बन पक मिळाला की स्वतःच घेऊन निघायचा. एकाला चकवायचा, गर्रकन वळायचा, दुसऱ्याला पाठीवर घेऊन पुढे जायचा. निळ्या रेषेवरून त्याने स्लॅपशॉटसाठी, म्हणजे जोरदार फटक्यासाठी, काठी उचलली की प्रेक्षागारातले लोक आधीच उभे राहिलेले असायचे. चुकायचाही. पक गमावला की मागे मोकळं रान. पण त्याच्या पायाशी पक असताना पुढच्या तीन सेकंदांत काय होईल हे कुणालाच सांगता यायचं नाही, आणि माझ्या मते खेळ बघायला जायचं ते याचसाठी.

त्याचे वडील कार्ल जमैकाचे. बाराव्या वर्षी, १९७० मध्ये, घरच्यांबरोबर ओंटारियोतल्या सडबरी या खाणीच्या गावी आले. आजूबाजूची मुलं फ्रेंच बोलणारी आणि मॉन्ट्रियल कॅनेडियन्सची भक्त. गल्लीतल्या हॉकीत कार्ल गोली व्हायचे आणि स्वतःला कॅनेडियन्सचा गोली केन ड्रायडन समजायचे. पुढे ते टोरोंटोत शिक्षक झाले, मग मुख्याध्यापक. पी. के. लहान असताना ते दिवसा शाळा आणि संध्याकाळी दुसरी नोकरी करत. रात्री दहाच्या सुमाराला घरी यायचे तेव्हा पोरगं बर्फाचे कपडे अंगावर चढवूनच झोपलेलं असायचं. त्याला उठवून गाडीत घालायचं आणि सिटी हॉलसमोरच्या नेथन फिलिप्स स्क्वेअरच्या उघड्या रिंकवर न्यायचं. मध्यरात्र उलटून जाईपर्यंत स्केटिंग, परतताना पिझ्झाचा एक तुकडा. बालवाडी दुपारची होती, म्हणून सकाळी झोपायला मिळायचं. आई मारिया कॅरिबियनमधल्या माँटसेराट बेटावरची. तीन भावांपैकी धाकटे माल्कम आणि जॉर्डन हेही हॉकीतच गेले.

२००७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, सुब्बनला ४३ व्या क्रमांकावर घेतलं ते नेमकं मॉन्ट्रियलने, म्हणजे वडिलांच्या लाडक्या संघाने. २०१३ मध्ये तो लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि नॉरिस ट्रॉफी मिळाली. २०१४ ला सोचीमध्ये ऑलिंपिक सुवर्ण, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आठ वर्षांचा ७.२ कोटी डॉलर्सचा करार. आणि २९ जून २०१६ ला मॉन्ट्रियलने त्याला नॅशव्हिलला पाठवून शे वेबरला घेतलं. त्याच्या करारातलं ट्रेडपासूनचं (दुसऱ्या संघाला देऊन टाकण्यापासूनचं) संरक्षण १ जुलैला लागू व्हायचं होतं. दोन दिवस आधी उरकून घेतलं!

माझं म्हणणं सरळ आहे. त्याची सगळ्यात चांगली वर्षं ज्या लोकांच्या हाती होती, त्यांनी ती त्याला गप्प बसवण्यात घालवली. खेळ उतरणीला लागल्यावर तो रेंगाळला नाही. निवृत्तीच्या वेळी त्याने लिहिलं की मी स्वतःकडे निव्वळ हॉकीपटू म्हणून कधी पाहिलंच नाही, मी हॉकी खेळणारा एक माणूस होतो. हॉल ऑफ फेमचा निकाल लावताना या सगळ्याचा विचार व्हावा की नाही? मला वाटतं व्हावा. तुमचं मत सांगा.

---

गणिती

धागा आवडला, वडिलांचा भाग विशेष. पण हॉल ऑफ फेमबद्दल असहमत.

आकडे बघा. ८३४ सामने, ११५ गोल, ३५२ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास), दोन्ही मिळून ४६७ गुण. बचावपटूसाठी हे उत्तमच आहे. पण न्यू जर्सीला गेल्यावर २०१९-२० मध्ये ६८ सामन्यांत १८ गुण. त्याच्या आदल्याच्या आदल्या हंगामात नॅशव्हिलमध्ये ५९ होते. म्हणजे तिसाव्या वर्षी तो घसरला आणि पुन्हा वर आला नाही. २०२२ च्या जुलैत करार संपला, सप्टेंबरपर्यंत नवा झाला नव्हता. ३३ व्या वर्षी तो थांबला यात त्याची इच्छा होती हे मान्य, पण बाजाराने दिलेलं उत्तरही त्यात होतं. दोन्ही मांडायला हवं.

आणि वेबर: १०३८ सामने, २२४ गोल, ५८९ गुण, दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं. त्याच्याशी तुलना करताना ही दरी नजरेआड करता येत नाही.

---

एडिसनकर

न्यू जर्सीच्या वर्षांबद्दल मी लिहितो, कारण ती मी नुअर्कच्या प्रुडेन्शियल सेंटरमध्ये बसून पाहिली आहेत.

तो आला तेव्हा डेव्हिल्सला, म्हणजे न्यू जर्सीच्या संघाला, केवढी आशा होती! त्याच उन्हाळ्यात जॅक ह्यूजला ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेलं. नॅशव्हिलला दुसऱ्या खेळाडूसाठी सॅलरी कॅपमध्ये (संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेत) जागा हवी होती, म्हणून सुब्बन जवळजवळ स्वस्तात मिळाला. आणि मग सगळं बिनसलं. हंगाम सुरू होऊन दोन महिने होतात न होतात तोच प्रशिक्षकाला काढलं, मग आक्रमक टेलर हॉलला विकलं, मग कोविड. पुढच्या हंगामाचा बराच भाग तर रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळले. ज्या माणसाला प्रेक्षकांच्या आवाजातून बळ मिळतं, त्याला पुठ्ठ्याच्या प्रेक्षकांपुढे खेळायला लावलं.

तो आधीसारखा राहिला नव्हता, हे उघड दिसत होतं. वळायला उशीर व्हायचा, मग समोरच्याच्या पायात पाय घालून पाडायचा. २०२१ मध्ये त्याबद्दल त्याला एकाहून अधिक वेळा दंड झाला. ते धोकादायक होतं आणि मला ते अजिबात आवडलं नाही. त्याचा चाहता असूनही हे लिहितोय.

पण सराव संपला की काचेजवळ येऊन पोरांशी बोलणारा तोच असायचा. माझ्या मुलीने त्याच्या ७६ नंबरचा कागद हाताने रंगवून नेला होता. तो थांबला, कागद नीट वाचला, काचेवरून पक तिच्या हातात दिला. संघ हरत होता, त्याचा स्वतःचा खेळ उतरला होता, तरी यात कधी खंड पडला नाही. २०२२ ला त्याला किंग क्लॅन्सी ट्रॉफी मिळाली, नेतृत्व आणि समाजकार्यासाठी. त्याच्या शेवटच्या हंगामाचा हा मान. मला तो नॉरिसइतकाच मोठा वाटतो.

---

शलाका

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे शरीराच्या बाजूने दोन शब्द.

नॅशव्हिलच्या पहिल्या हंगामात त्याच्या पाठीच्या मणक्यातली चकती सरकली होती. शस्त्रक्रिया टाळून तो परतला आणि ६६ सामने खेळला. आता त्याचा खेळ आठवा. धावता धावता कमरेतून एकदम वळायचं, आणि अख्ख्या धडाला पीळ देऊन स्लॅपशॉट मारायचा. सगळा भार कंबर आणि खुबा यांच्यावर. गोलीपुढे उभं राहून अडवणाऱ्या उंच, धिप्पाड बचावपटूला पाय थोडे मंदावले तरी भागतं, चारा म्हणूनच ४५ पर्यंत खेळला. सुब्बनसारख्याच्या पायातून थोडी जरी चपळाई गेली तरी त्याचा अख्खा खेळ बदलतो.

आइस हॉकीतला दिग्गज बॉबी ऑर गुडघ्यांमुळे १९७८ ला तिसाव्या वर्षी थांबला. माइक बॉसी पाठीमुळे तिशीतच. शरीराचं ऐकून वेळेवर थांबणारे खेळाडू मला कमी दिसतात. माझ्याकडे येतात ते बहुतेक दोन वर्षं उशिरा येतात.

---

खडकीचा

बर्फावरची हॉकी मला कळत नाही, आमची हॉकी मातीतली आणि पुढे टर्फवरची. पण वाचताना विरेन रस्किन्हा आठवला. वांद्र्याचा मुलगा, भारताचा कर्णधार, १८० आंतरराष्ट्रीय सामने. २००८ च्या सुरुवातीला २७ व्या वर्षी थांबला आणि हैदराबादला व्यवस्थापन शिकायला गेला. तेव्हा आमच्या कट्ट्यावर बरीच नाराजी होती, ऑलिंपिकच्या वर्षात असं कुणी करतं का म्हणून. आज ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट या खेळाडूंना मदत करणाऱ्या संस्थेतून त्याने किती खेळाडूंना उभं केलं ते बघा. लवकर थांबलेल्याचा हिशेब तो थांबला त्या दिवशी मांडू नये, एवढंच म्हणायचंय.

---

सेंटलॉरेन्सकाठी

मॉन्ट्रियलहून लिहितोय. रानजाई, तुम्ही वडिलांबद्दल लिहिलंत, मी आमच्या गावाबद्दल लिहितो.

इथे कॅनेडियन्स हा संघ लोकांच्या घरातला विषय आहे. चोवीस स्टॅन्ले कप (लीगचं विजेतेपद), पण शेवटचा १९९३ चा. अशा गावात एक विशीतला काळा पोरगा येतो, अडखळत का होईना फ्रेंच बोलतो, २०१० च्या प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या सात-सात सामन्यांच्या बाद मालिकांमध्ये) अख्खं गाव डोक्यावर घेतो. २०११ मध्ये बोस्टनविरुद्ध सातव्या सामन्यात दोन मिनिटांहून कमी वेळ उरलेला असताना बरोबरीचा गोल मारतो. ओव्हरटाइममध्ये आम्ही हरलो, बोस्टनने पुढे कप जिंकला, पण त्या गोलचा आवाज अजून कानात आहे.

आणि संघाच्या वरच्या लोकांना त्याचं काय खटकत होतं? सामना जिंकल्यावर गोली केरी प्राइस आणि तो तीन वेळा खाली हात आपटून एक गंमत करायचे. पोरं शाळेत तीच नक्कल करायची. २०१३ मध्ये नव्या प्रशिक्षकाने ती बंद करायला लावली. प्रतिस्पर्ध्याचा अपमान होतो म्हणे. २०१६ च्या फेब्रुवारीत डेन्व्हरला त्याचा तोल गेला, पक सुटला आणि कोलोरॅडोने निर्णायक गोल केला. प्रशिक्षकाने उरलेली मिनिटं त्याला बाकावर बसवलं आणि नंतर पत्रकारांसमोर त्याचा खेळ स्वार्थी होता म्हणून सांगितलं. निसरड्या बर्फावर पडला म्हणून स्वार्थी! चार महिन्यांनी ट्रेड झाला.

त्याच्या आधी, सप्टेंबर २०१५ मध्ये, त्याने मॉन्ट्रियल चिल्ड्रन्स हॉस्पिटलसाठी सात वर्षांत १ कोटी डॉलर्स उभे करायचं वचन दिलं होतं. कॅनडात कुठल्याही खेळाडूने दिलेलं ते सगळ्यात मोठं वचन. इस्पितळाच्या आवारात शिरलं की उंच छताचा मोठा दिवाणखाना लागतो, त्याला त्याचं नाव आहे. मूल आजारी पडलं की आईबाप नोकरी सोडून बसतात, घरभाडं थकतं. अशा कुटुंबांसाठी त्यात वेगळा निधी आहे. आमच्या ओळखीतल्या एका घराला तिथे दीर्घकाळ राहावं लागलं होतं. सुब्बन एकदा वॉर्डात आला तेव्हा बरोबर कॅमेरा नव्हता, असं त्या मुलाच्या आईने मला सांगितलं. संघाने काढून टाकल्यावर हे वचन गुंडाळलं असतं तरी कुणी काही म्हणालं नसतं. त्याने पहिल्याच दिवसांत सांगून टाकलं की माझा शब्द कायम आहे. २०१७ ला गव्हर्नर जनरलच्या हस्ते मेरिटोरियस सर्व्हिस क्रॉस मिळाला तो याच कामासाठी.

१२ जानेवारी २०२३ ला बेल सेंटरमध्ये, म्हणजे घरच्या रिंकवर, संघाने त्याचा सत्कार केला. समोर पाहुणा संघ नॅशव्हिल, त्याचे जुने सहकारी. प्राइस अचानक समोर आला आणि दोघांनी ती बंद करायला लावलेली गंमत सगळ्यांसमोर केली. माझ्या शेजारचे वयस्कर गृहस्थ रडत होते, आणि मीही.

गणिती, वेबर फार मोठा खेळाडू होता, आमचा कर्णधार होता, २०२१ ला त्याच्याबरोबर आम्ही अंतिम फेरी गाठली. मला त्याच्याबद्दल आदर आहे. पण त्याला नॉरिस एकदाही मिळाली नाही, हेही तुमच्या यादीत लिहा.

---

मेघना_ब्रॅम्प्टन

माझा मुलगा हॉकी खेळतो. सकाळी सहाचा बर्फ, महागडे स्केट, आणि बऱ्याचदा संघातली एक-दोनच सावळी मुलं. टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये आता चित्र बदलतंय. शेजारच्या पंजाबी घरांत आजोबांपासून सगळे पंजाबीतलं समालोचन लावून सामने बघतात, २००८ पासून ते सुरू आहे. पण गावाबाहेर सामन्याला गेलं की अजूनही पोटात गोळा येतो. एकदा बाकावर बसलेल्या पालकांपैकी कुणीतरी मुलाच्या रंगावरून बोललं. मुलाने ऐकलं. मी ऐकलं.

त्या दिवशी घरी येताना मी त्याला सुब्बनची २०१४ ची गोष्ट सांगितली. बोस्टनविरुद्धच्या मालिकेचा पहिला सामना, तोही बोस्टनमध्ये. दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये सुब्बनचा गोल, मॉन्ट्रियल विजयी. रात्रभर इंटरनेटवर त्याच्या रंगावरून घाण ओतली गेली. त्याने काय सांगितलं? की ही मोजकी माणसं म्हणजे बोस्टनचे चाहते नव्हेत. तिसऱ्या सामन्यात पेनल्टी बॉक्समधून (शिक्षा झालेल्याने बसायच्या जागेतून) बाहेर आला तोच पक मिळाला, एकटाच गोलीवर चालून गेला आणि गोल. मालिका मॉन्ट्रियलने सात सामन्यांत जिंकली.

आणि जानेवारी २०२२ मध्ये खालच्या लीगमध्ये भाऊ जॉर्डनकडे बघून एकाने माकडासारखे हावभाव केले, तेव्हा मात्र पी. के. शांत राहिला नाही. जाहीरपणे बोलला, व्हिडिओ सगळ्यांपुढे ठेवला. त्या खेळाडूला ३८ सामन्यांची बंदी झाली. स्वतःवर आलं तेव्हा मोठेपणा दाखवला, भावावर आलं तेव्हा उभा राहिला. माझ्या मुलाला दोन्ही कळायला हवं होतं.

हॉल ऑफ फेमवाले काय ठरवतील ते ठरवोत. आमच्या रिंकवर ७६ नंबर मागणारी मुलं आहेत.

---

गणिती

मेघना, मुलाला शुभेच्छा. असं ऐकून चीड येते.

हॉल ऑफ फेमबद्दल माझं मत तेच आहे, पण निकष नीट मांडतो. लवकर थांबलेल्यांना आत घेतात, पण त्यांचं शिखर तेवढं उंच असेल तर. ऑर ६५७ सामनेच खेळला, पण आठ वेळा नॉरिस. केन ड्रायडन ३१ व्या वर्षी थांबला, आठ हंगामांत सहा कप. सुब्बनची एक नॉरिस, २०१५ आणि २०१८ ला शेवटच्या तिघांत, कप नाही. २०१३ चा तो हंगामही लॉकआउटमुळे (मालकांनी खेळ बंद ठेवल्यामुळे) लहान होता, तो ४२ सामने खेळला. चार-पाच वर्षं लीगमधल्या पहिल्या पाच बचावपटूंत होता असं मी म्हणेन. आत जायला हे थोडं कमी पडतं.

---

रानजाई

गणिती, तुमचा निकष मला मान्य आहे, निकाल नाही.

२०१३ चा हंगाम लहान होता, पण तो त्याच्यासाठी आणखी लहान झाला, कारण संघाने करारावर घोळ घातला आणि तो सुरुवातीचे सामने हुकला. तरीही ३८ गुण, बचावपटूंत संयुक्त पहिला. पुढे २०१४-१५ मध्ये ६० गुण. नॅशव्हिलला गेल्याच्या पहिल्याच वर्षी तो संघ इतिहासात प्रथमच अंतिम फेरीत पोचला. पिट्सबर्गविरुद्ध ०-२ ने मागे असताना तिसरा सामना जिंकूच असं त्याने जाहीर सांगितलं, आणि नॅशव्हिलने तो ५-१ ने जिंकला, चौथा ४-१ ने. मालिका गेली, पण त्या आठवड्यात दक्षिणेतलं ते संगीताचं गाव हॉकीचं गाव झालं होतं. तिथेही त्याने पोलीस आणि गरीब वस्तीतली मुलं यांना एकत्र जेवायला घालून सामन्याला नेण्याचा उपक्रम चालवला.

आणि वेबर-सुब्बन ट्रेडबद्दल. दोन्ही संघ दोघांच्या जोरावर एकेकदा अंतिम फेरीत गेले, दोघेही हरले. मग एकाचं दार उघडतं आणि दुसऱ्याचं नाही, याला २०० सामन्यांची दरी एवढंच कारण असेल, हे मला पटत नाही. या खेळात मान खाली घालून खेळणाऱ्याला आदर मिळतो. सुब्बन हसत, बोलत, हात उंचावत खेळला, आणि त्याची किंमत त्याने प्रत्येक संघात मोजली. मत देणाऱ्यांच्या मनात ते नसेल असं मी धरून चालणार नाही.

---

चिंगी

मी यातलं काहीच पाहिलेलं नाही! पुण्यात बसून कुठून सुरुवात करू? सगळे सामने बघायला वेळ नाही.

---

सेंटलॉरेन्सकाठी

चिंगी, आधी मेघनाने सांगितलेले २०१४ चे बोस्टनविरुद्धचे दोन गोल बघा, पहिल्या आणि तिसऱ्या सामन्यातले. मग २० मार्च २०११ ची मिनेसोटाविरुद्धची हॅटट्रिक. कॅनेडियन्सच्या कुठल्याही नवख्या बचावपटूने त्याआधी ती केली नव्हती. मग २ मार्च २०१७, तो नॅशव्हिलच्या कपड्यांत पहिल्यांदा बेल सेंटरला परतला तो दिवस, आणि २०२३ चा सत्कार. बघताना आवाज मोठा ठेवा, आणि पक त्याच्याकडे आला की प्रेक्षकांकडेही लक्ष द्या.

---

गणिती

आणि २०१५ च्या प्लेऑफमधले ओटावाविरुद्धचे सामनेही बघा. पक हातात नसताना तो किती चांगला अडवायचा ते कुणी सांगत नाही.